जिजीची लांबट वही आणि एसटीचा पास

घाटवाट

वाईच्या घराचा माळा आवरताना गेल्या आठवड्यात जिजीच्या वह्या सापडल्या. वाण्याकडे उधारीची असते तशी लांबट वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. अशा सात. पत्र्याच्या ट्रंकेत, वर आजोबांचं जुनं धोतर घातलेलं. जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. आळीत, देवळात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे जिजीच. २०२३च्या फेब्रुवारीत गेली, ब्याण्णवाव्या वर्षी. तेव्हापासून तिच्यावर लिहायचं म्हणत होते आणि दर वेळी ते दहाव्याच्या भाषणाच्या वळणावर जायचं: प्रेमळ, कष्टाळू, सुगरण. सुगरण तर ती अजिबात नव्हती. वह्या सापडल्या, आता बोलायला आधार आहे.

पहिल्या वहीचं पहिलं पान जसंच्या तसं:

"पास काढला. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, बरोबर कोण? म्हटलं, पिशवी. वाई, महाबळेश्वर, पोलादपूर, महाड. ड्रायव्हर बरा, वळणावर हॉर्न देतो. महाडला चहा ५० पैसे. पाणचट."

हे १९८८ सालचं. आजोबा आदल्या वर्षी दिवाळीनंतर गेले. तोवर जिजीचा प्रवास म्हणजे माहेर भोर आणि सासर वाई, मधे मांढरदेवीचा डोंगर. एकदा पंढरपूर, एकदा जेजुरी, दोन्ही वेळा आजोबांच्या चार पावलं मागे. पेन्शनीच्या कागदांसाठी साताऱ्याला हेलपाटे घालताना तिनं स्टँडवर पाटी वाचली: आवडेल तेथे कोठेही प्रवास. योजना त्याच वर्षी आली होती. एक पास काढायचा आणि मुदत संपेपर्यंत महाराष्ट्रभर वाट्टेल त्या एसटीत बसायचं. सत्तावन्न वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी महामंडळानं म्हटलं.

घरी येऊन तिनं सांगितलं, "सोमवारी जाते, शनिवारी येते." बाबा म्हणाले, "कुठे?" ती म्हणाली, "ते स्टँडवर गेल्यावर बघू."

हे ती खरंच असं करायची. फलाटावर उभं राहायचं, पाट्या वाचायच्या, ज्या गावाचं नाव कधी ऐकलं नाही त्या गाडीत चढायचं. सामान ठरलेलं: कापडी पिशवी, फिरकीचा तांब्या, दोन सेलची बॅटरी, दशम्या, मेतकुटाची पुडी, एक पातळ, दोन कोरी पोस्टकार्डं आणि काळी छत्री. छत्रीवर आतून पांढऱ्या ऑइल पेंटनं "वाई" एवढंच लिहिलेलं. स्वतःचं नाव का नाही घातलं विचारलं तर म्हणायची, हरवली तर गावाला तरी परत येईल.

पोस्टकार्ड तेव्हा १५ पैशाला होतं. कार्ड नेहमी तिच्यानंतर दोन दिवसांनी पोचायचं. मजकूर एकच: "खुशाल आहे. गुरुवारी येते. दूध कमी घ्या." ती समोर झोपाळ्यावर बसलेली असायची आणि बाबा ते कार्ड मोठ्यानं वाचून दाखवायचे.

पहिल्याच फेरीत ती रायगड चढली. रोपवे तेव्हा नव्हता, पाचाडकडून पायऱ्यांनी. वहीत गडाचं वर्णन नाही, सिंहासनाची जागा नाही, समाधी नाही. आहे ते हिरकणीच्या बुरुजाबद्दल: "ही बाई इथून रात्री उतरली. मला घरी जिन्यावरून हात धरून नेतात. आता धरू देणार नाही." आणि खरंच, परत आल्यावर बाबांनी हात पुढे केला तर तिनं त्या हातात छत्री दिली.

तिच्या साहसात वाघ-बिबटे नाहीत हे आधीच सांगते. दोन नंबरच्या वहीपासून प्रत्येक वहीची मागची पानं उलट बाजूनं लिहिलेली आहेत आणि त्यात एकच विषय आहे, बायकांची सोय. "आहे, दार नाही." "दार आहे, कडी नाही. छत्री अडकवावी." "कुलूप. किल्ली कंट्रोलरकडे. कंट्रोलर जेवायला." "नाही. मागे घाणेरीची झुडपं, सहाच्या आत." गावांची नावं मुद्दाम गाळते आहे. पुरुष प्रवासवर्णनं लिहितात त्यात घाट असतात, सूर्यास्त असतात, हे पान नसतं. जिजी प्रवासात घोटभरच पाणी प्यायची. चौसष्टाव्या वर्षी मुतखडा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय. ती म्हणाली, पाणी भरपूर आहे हो, जागा कमी पडते.

वरंध घाटातली रात्र सांगितलीच पाहिजे. श्रावणातली गोष्ट, भोरहून महाडकडे. वाघजाईच्या देवळाशी भजी खाऊन गाडी उतरायला लागली आणि पुढे दरड. मागे वळवायला जागा नाही, धुकं असं की ड्रायव्हरला वायपरही दिसेना. गाडीत वीस-बावीस माणसं, त्यात बायका पाच. अंधार पडल्यावर जिजी उठली आणि म्हणाली, "पुरुषांनी सगळ्यांनी खाली उतरायचं आणि मागच्या वळणापर्यंत जायचं. मी हाक मारेपर्यंत वळायचं नाही." एक मिशीवाले गृहस्थ पावसाबद्दल काही बोलायला लागले. त्यांना तिनं स्वतःची छत्री दिली. सगळे गेले. कंडक्टरसुद्धा.

वहीतली नोंद: "दरड रात्री आठ. रस्ता मोकळा सकाळी दहा. दशम्या पुरल्या नाहीत. पुढच्या वेळी दुप्पट." पुढच्या वेळी.

भामरागड १९९१च्या जानेवारीतलं. कुठल्याशा दिवाळी अंकात तिथून जवळच्या हेमलकशाबद्दल वाचलं आणि डोक्यात घेतलं. तिथला लोकबिरादरी प्रकल्प १९७३चा, नाव महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत, पण आमच्या आळीत तिकडे जाऊन आलेलं कुणी नाही. त्या काळी गडचिरोली म्हटलं की लोक कानावर हात ठेवायचे. वाई, पुणे, नागपूर, चंद्रपूर, आलापल्ली, भामरागड. शेवटच्या टप्प्यात बाहेर फक्त साग. "खिडकीतून हात काढला तर पानाला लागतो," असं लिहिलंय. पर्लकोटेच्या पुलावर तिनं ड्रायव्हरला विचारलं, पावसाळ्यात काय करता? तो म्हणाला, पावसाळ्यात येत नाही. पूल पाण्याखाली जातो. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती तिथे एकत्र येतात, ते पाहायला ती संध्याकाळी काठावर गेली आणि परतीची गाडी सकाळी आहे हे तिला तिथे कळलं.

त्या रात्रीबद्दल एवढंच: "माडिया बाईच्या घरी झोपले. तिला मराठी येत नाही, मला माडिया येत नाही. दोघी उशिरापर्यंत बोललो. तिचा नवराही गेलाय."

हे कसं कळलं तिला, मी पुष्कळ वेळा विचारलं. म्हणायची, त्यात काय कळायचंय.

तुमच्याकडे अशा कुणी होत्या का? प्रेमळ-कष्टाळू सोडून सांगा.

---

चहाबाज

दंडवत! "म्हटलं, पिशवी" यावर फुटलो. प्रत्येक स्टँडच्या चहाचा भाव लिहिलाय का? असेल तर ती वही नाही, राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल आहे.

घाटवाट

लिहिलाय. ५० पैशांपासून सुरू होऊन पासाच्या शेवटच्या फेरीत ३ रुपये. "पाणचट" हा शेरा मात्र स्थिर.

---

डबलबेल

ताई, मी ३१ वर्षं वाहक होतो, त्यातली निम्मी घाटावरून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांवर. खरं सांगू का, पासवाला प्रवासी आम्हाला आवडायचा नाही. सीट अडते आणि ट्रेमधलं तिकीट खपत नाही. पास उलटासुलटा करून बघायचा, फोटो आणि तोंड जुळवायचं, आणि मनात म्हणायचं, हा बाबा आज आपल्याच गाडीत का.

पण एकट्या बाईमाणसाची गोष्ट वेगळी. तिला आमच्या शेजारच्या नाहीतर मागच्या सीटवर बसवायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं, सगळेच करायचे. म्हातारीचं गाव आलं की डबल बेल द्यायच्या आधी बघायचं, तिला घ्यायला कुणी आलंय का. तुमच्या जिजींना घ्यायला कुणी येणार नव्हतंच, त्यामुळे त्या कंडक्टरांची काय पंचाईत झाली असेल हे मी समजू शकतो.

त्यांनी मुक्कामी गाड्या केल्या असतील तर त्याबद्दल लिहा. हल्लीच्या पोरांना मुक्कामी म्हणजे काय तेच माहीत नाही.

घाटवाट

केल्या ना! ती तिची खास युक्ती होती. दिवसाच्या गाडीनं मोठ्या गावी जाता येतं, मुक्कामी गाडीनं जिथे रस्ता संपतो तिथे.

अशी एक मी केलीय तिच्याबरोबर. १९९२ची मे महिन्याची सुट्टी, मी अकरा वर्षांची. सातारा ते बामणोली. कास ओलांडल्यावर उजेड गेला. गाडीत शेवटी आम्ही दोघी, एक दूधवाला रिकाम्या कॅनसकट आणि एक नवरा-नवरी राहिले. बामणोलीत उतरलो तर चालकानं गाडीचे दिवे बंद केले आणि एकदम काही दिसेनासं झालं. पाण्याचा वास येत होता. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय तिथेच आहे हे मला सकाळी कळलं.

जिजीनं बॅटरी लावली, पहिल्या घराच्या ओट्याशी गेली आणि म्हणाली, "मी वाईची. ही नात. रात्र काढायची आहे." मला वाटलं आता आपल्याला हाकलतील. आतून बाईचा आवाज आला, "मग भायेर का उभ्या?"

पैसे ती कधी द्यायची नाही. तो अपमान आहे म्हणायची. मेतकुटाची पुडी द्यायची आणि सकाळी त्या घरच्या बाईच्या आधी उठून अंगण झाडून टाकायची. आमच्या घरी तिनं केरसुणी हातात घेतलेली मला आठवत नाही, हेही नोंदवून ठेवते.

सकाळी लाँचनं तापोळ्याला गेलो. लाँचमध्ये एक बोकड होता, तो माझ्या फ्रॉकचा पट्टा खात होता आणि जिजी नावाड्याला विचारत होती की धरण व्हायच्या आधी खाली कोणती गावं होती. त्यानं हातानं पाण्यावर दाखवत दाखवत सांगितलं, इथं देऊळ, इथं आमचा मळा. तिनं ती यादी लिहून घेतली. आहे वहीत.

डबलबेल

मुक्कामी ड्युटी कुणाला नको असायची. रात्री पोचायचं, सीटवर पथारी टाकायची, डास मारत झोपायचं, पहाटे कुणीतरी चहा आणून द्यायचं आणि निघायचं. पण त्या पहाटेच्या गाडीला अख्खं गाव असायचं. कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, कोर्टाची तारीख असलेला, दवाखान्यात न्यायचा पेशंट. गाडी आली नाही की गावाचा दिवस बुडाला. १ जून १९४८ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, निळी-चंदेरी. तिथपासूनचा सगळा इतिहास लोक सांगतात, पण एसटी खरी कळायची ती मुक्कामी गाडीत झोपल्यावर.

---

माडाखालचा

आमची आजी मालवणची. तिचं साहस म्हणजे बोट. तिच्या तरुणपणी आणि पुढेही बरीच वर्षं मुंबईला जायचं तर बोटीनंच. बोट बंदरात आत यायची नाही, खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव बोटीच्या अंगाला लावायचा, आणि लाट वर आली की त्या क्षणाला शिडी धरायची. लाट खाली गेल्यावर धरलीत तर पाय हवेत. आजी एका कडेवर माझे वडील आणि दुसऱ्या हातात फणसाची करंडी घेऊन चढायची. खालचा खलाशी करंडी माझ्याकडे द्या म्हणायचा. ती म्हणायची, पोर धर, करंडी ऱ्हांव दी.

'रामदास' बोट १७ जुलै १९४७ला रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. मालवणच्या मार्गावरची नव्हे ती, पण घराघरात दहशत बसली. आजीच्या सासऱ्यांनी फर्मान काढलं, बायकांनी बोटीनं जायचं नाही. आजोबा गिरणीत, मुंबईला. आजी पावसाळा संपेपर्यंत गप्प बसली, नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ दिला आणि पहिल्या बोटीला पडावात जाऊन बसली. "बोटीक भियान मुंबय कशी गावतली?" हे तिचं वाक्य आमच्या घरात अजून कुठल्याही परीक्षेच्या आदल्या रात्री म्हटलं जातं.

गंमत म्हणजे कोकण रेल्वे सुरू झाल्यावर तिला हौसेनं गाडीत बसवलं, तर पहिल्याच बोगद्यात तिनं वडिलांचा हात घट्ट धरला. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. संपेपर्यंत रामरक्षा. बाहेर आल्यावर म्हणाली, ह्यापेक्षा बोट बरी, आकाश तरी दिसता.

चहाबाज

"पोर धर, करंडी ऱ्हांव दी" हे फ्रेम करून लावायला हवं.

---

रोखठोक

लिखाण छान आहे, पण सगळे टाळ्या वाजवताहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. राग मानू नका.

सासूबाई पास काढून गावभर, आणि घरात कोण होतं? तुमची आई. लहान मुलं कुणाच्या अंगावर होती? माझी आजी माणदेशातली. १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर तिनं दोन वर्षं खडी फोडली, सुकडी खाऊन, पाठीवर धाकटी मावशी बांधून. कामावर जायला रोज पाच मैल, यायला पाच मैल. तिला कुणी साहसी म्हटलं नाही. साहसाला पेन्शन लागते हो.

घाटवाट

राग कशाचा. तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. आजोबांची पेन्शन नसती तर हा धागा नसता.

आणि आईबद्दल म्हणाल तर, माझा भाऊ १९८९ला झाला. दिवस जवळ आले होते, जिजी म्हणाली चार दिवसांत येते. मेळघाटात धारणीला गेली. भाऊ दोन आठवडे आधी झाला. आईला दवाखान्यात शेजारच्या काकूंनी नेलं, बाबा फिरतीवर. जिजी परत आली तेव्हा बारसं ठरत होतं. आईनं हे कधीच सोडलं नाही, आणि का सोडावं? परवा वह्या सापडल्या तेव्हा मी तिला म्हटलं वाच, तर म्हणाली, "धारणीचं पान तू वाच आणि मला सांग काय लिहिलंय."

वाचलं. लिहिलंय: "धारणी. सुनेकडे लक्ष लागून आहे. उद्या निघावं. सेमाडोहला जायचं राहिलं असतं, जाऊन निघते."

आईला मी पहिलीच दोन वाक्यं सांगितली.

रोखठोक

हे लिहिलंत ते बरं केलंत. आता जिजी मला जरा पटायला लागल्या. आधी फारच देवी वाटत होत्या.

आमच्या आजीचंही एक सांगते मग. कामावर मुकादम हजेरीत गडबड करायचा. आजीला लिहिता येत नव्हतं. ती रोज एक खडा पदराच्या गाठीत बांधायची. पंधरवड्याच्या पगाराला गाठ सोडून मुकादमापुढे खडे ओतले, मोज म्हणाली. त्यानं मोजले. पुढे तिच्याबरोबरच्या सगळ्या बायका खडे बांधायला लागल्या.

घाटवाट

आणि तुम्ही म्हणता तिला साहसी कुणी म्हटलं नाही. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा, विनंती.

---

रेवाकाठ

आमची इंदूरची आजी, मराठी आणि हट्टी. बासष्टाव्या वर्षी नर्मदा परिक्रमेला पायी निघाली. ओंकारेश्वरहून उचलली, मैया उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, चातुर्मासात चालायचं नाही, सदावर्तात मिळेल तो शिधा शिजवून खायचा. नर्मदा अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर आहे, म्हणजे दोन्ही काठ धरले की दुपटीच्या वर. घरच्यांनी तिला महिनाभरात परत येशील म्हणून पैजा लावल्या होत्या.

शूलपाणीच्या झाडीत त्या काळी परिक्रमावासीयांना लुटायचेच, ते सगळ्यांना ठाऊक असायचं. तिचंही घोंगडं गेलं, तांब्या गेला, चष्मा गेला. तिनं मागून हाक मारली, "मामा, चष्मा तुला काय कामाचा? मला वाट दिसायची नाही." त्यानं परत दिला. दुसऱ्या दिवशी त्याच पाड्यात तिला भाकरी मिळाली, बहुतेक त्याच माणसाच्या घरी. तिनं विचारलं नाही. ती काठची जुनी वाट आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे, पाडाही.

उत्तर तटावर गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी तिनं तीन दिवस मुक्काम केला. स्वामी सिंधुदुर्गातल्या माणगावचे, तिचंही आजोळ तिकडचं. म्हणायची, एवढ्या लांब आपल्या गावचा माणूस भेटला.

आल्यावर सहा महिने पायात चप्पल घालवत नव्हती तिला. पाय एका नंबरानं मोठे झाले होते.

---

मक्याचंकणीस

ओहायोतून लिहितोय. आमच्या जवळच्या हॉकिंग हिल्समध्ये एका पायवाटेला 'ग्रँडमा गेटवुड'चं नाव आहे. एमा गेटवुड, इथलीच शेतकरी बाई, अकरा मुलं, तेवीस नातवंडं. नवऱ्याचा मार वर्षानुवर्षं खाल्लेला. १९५५मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तिनं मुलांना सांगितलं की जरा फिरायला जाते, आणि जॉर्जियातून निघून मेनपर्यंत अ‍ॅपलेशियन ट्रेल चालून काढली. सुमारे ३३०० किलोमीटर, १४६ दिवस. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर हातानं शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. नंतर आणखी दोनदा केली.

"बरोबर कोण? म्हटलं, पिशवी" वाचलं आणि ती पायवाट आठवली. दोघींची गाठ पडती तर भाषेचा प्रश्न आला नसता.

चहाबाज

पिशवी स्वतः शिवलेली होती का जिजींची?

घाटवाट

आजोबांच्या पँटची. आतला खिसा तसाच ठेवला होता, पास ठेवायला.

---

डबलबेल

शेवटची फेरी कोणती त्यांची?

घाटवाट

पास काढून केलेली शेवटची २००६ची, पंचाहत्तरीत. वेंगुर्ल्यापर्यंत. मग गुडघ्यांनी संप केला. पुढची पंधरा-सोळा वर्षं झोपाळा, टीव्ही आणि आल्यागेल्याला "कुठल्या गाडीनं आलात?"

पण एक आहे अजून. २०२२च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली. पेपरात वाचल्यापासून तिनं धोशा लावला. गणपती उरकल्यावर भावानं आणि मी मिळून तिला वाई स्टँडवर नेलं. पसरणीचा घाट चढून पाचगणी, बारा किलोमीटर. चढवायला दोघं, वरून ओढायला कंडक्टर. तिला पहिल्या सीटवर बसवलं. कंडक्टर पोरगेलासा होता, यंत्रातून तिकीट काढून तिच्या हातात दिलं. शून्य रुपये.

तिनं ते चष्म्याजवळ नेऊन वाचलं आणि म्हणाली, "पास असायचा तेव्हा मी पैसे मोजलेले असायचे. हे कसलं?" तो म्हणाला, आजी, सरकारनं दिलंय. ती म्हणाली, "सरकारला उशीर झाला." मग घाटभर बोलली नाही, खिडकीबाहेर बघत होती. मधेच एकदा "हॉर्न देत नाही हा," एवढं म्हणाली.

सातव्या वहीत ती नोंद आहे. अक्षर पार वाकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. "वाई, पाचगणी. तिकीट ०. गाडी १२ मिनिटं उशिरा. चहा १० रु., नातीनं दिले. सोय: आहे, दार आहे, कडी आहे."

आई हल्ली महिन्यातून दोनदा मावशीकडे साताऱ्याला जाते, बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून. जाताना दर वेळी सांगते, मी काही जिजी नाही, संध्याकाळी परत येणार आहे.

डबलबेल

दहा रुपयांत पाचगणीत चहा? म्हणजे पॉइंटावरचा नाही, स्टँडमागच्या गाड्यावरचा.

घाटवाट

तिथलाच. पाणचट होता.